इद्रिस मोल्लाची तोंडी परीक्षा

मीनाक्षीबाईंनी कपाटामागे उभं राहून वॉकीटॉकीवर इंग्रजीत हुकूम सोडला. चार नंबरचा व्हॉल्व्ह बंद करायचा, पाच नंबरचा अर्धा उघडायचा आणि लगेच कळवायचं. हुकूम त्यांनी मुद्दाम भरभर सांगितला आणि मधले दोन-तीन शब्द हातरुमालात गिळून टाकले. जहाजावरचा रेडिओ असाच खरखरतो.

कपाटापलीकडून क्षणात उत्तर आलं, "येस सर."

"काय सांगितलं मी?"

"येस सर."

मीनाक्षीबाई कपाटामागून बाहेर आल्या. समोर इद्रिस मोल्ला ताठ उभा होता. वॉकीटॉकी त्याने छातीशी दोन्ही हातांनी धरली होती. वर्गातल्या बाकीच्या तेरा जणांची परीक्षा आटोपली होती आणि ते खाली चहाला गेले होते. परीक्षेत असे सहा हुकूम असत, अर्धवट ऐकू येणारे. या एका प्रश्नाला बाईंनी अर्धे गुण ठेवलेलेच नव्हते. सहाही वेळा माणसाने 'से अगेन', म्हणजे 'पुन्हा सांगा', असं म्हणायला हवं. एकदा जरी 'येस सर' आलं तरी तो नापास. इद्रिसकडून सहाही वेळा 'येस सर'च आलं होतं.

खिदिरपूरच्या गोदीपासून चालत दहा मिनिटांवर असलेल्या या खासगी संस्थेत मीनाक्षी टेंबे गेली सहा वर्षं खलाशांना इंग्रजी शिकवत होत्या. त्याआधी बावीस वर्षं त्यांनी मुलींच्या शाळेत कविता शिकवल्या. नवरा शरच्चंद्र कस्टम्समध्ये. बदलीवर तीन वर्षांसाठी म्हणून कोलकात्याला आले आणि इथलेच होऊन गेले. मुलगी नूपुर न्यू टाउनमधल्या कंपनीत लागली, तेव्हा निवृत्तीनंतरही त्यांनी बेहालातच फ्लॅट घेतला. आता मीनाक्षीबाई बंगाली अस्खलित बोलत, फक्त कानाला ती किंचित पुण्याची वाटे.

संस्थेतलं पहिलं वर्ष त्यांनी काळ, कर्तरी-कर्मणी आणि 'माझा आवडता सण' यांत घालवलं. मग एकदा एका वयस्क खलाशाने अगदी अदबीने, बंगालीत बाईंना म्हणतात तसं 'दिदिमणी' म्हणून विचारलं, की जहाज बांधलेला दोर तुटायला आला तर इंग्रजीत काय ओरडायचं? बाईंना सांगता येईना. त्या दिवशी घरी जाऊन त्या शरच्चंद्रांच्या मागे लागल्या. त्यांनी जुन्या ओळखीतून परवानगी काढून दिली, आणि बाई साडीचा पदर खोचून गोदीतल्या एका जहाजावर चढल्या. चार तास त्या वरखाली फिरल्या, दिसेल त्याला विचारत राहिल्या. अशा तीन जहाजांवरून तीन वह्या भरून आल्या, आणि त्या वह्यांतून त्यांचा अभ्यासक्रम तयार झाला. त्यात सण नव्हते. गळती होती, आग होती, तुटणारा दोर होता, जखमी माणूस होता.

वह्या भरता भरता त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. या माणसांना शब्द कमी पडतात हे खरं, पण खरा घोटाळा 'येस सर'चा आहे. कळलं तरी येस सर, नाही कळलं तरी येस सर. म्हणून तो सहा हुकमांचा प्रश्न त्यांनी स्वतः घातला होता.

आणि इद्रिस तर पंपमन होता, तेलवाहू जहाजावर तेल उपसणारे पंप सांभाळणारा. वय सेहेचाळीस, पैकी एकवीस वर्षं समुद्रावर. नुसत्या आवाजावरून पंपाचं दुखणं ओळखणारा माणूस. आजवर त्याचे अधिकारी इथलेच असत, हिंदीवर भागून जाई. आता नव्या कंपनीत अधिकारी चार देशांचे, तेव्हा तोंडी इंग्रजीच्या दाखल्याशिवाय जहाजावर पाऊल ठेवता येणार नव्हतं. अकरा महिने तो घरी बसून होता. सत्तेचाळिशीनंतर कंपन्या नव्याने बोलावत नाहीत, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

संस्थेचे संचालक लाहिरीबाबू संध्याकाळी आपण होऊन वर आले. तेरा पास झालेत, एकासाठी यादी कशाला अडवायची, असा त्यांचा सूर होता. माणूस अनुभवी आहे, जहाजावर गेला की आपोआप बोलेल. बाईंनी फक्त विचारलं, की दाखला द्यायची शेवटची तारीख कोणती. शुक्रवार, लाहिरीबाबू म्हणाले. त्या दिवशी सोमवार होता.

"उद्यापासून माझ्या घरी या," बाई इद्रिसला म्हणाल्या. "सकाळी नऊला."

तो तीन दिवस आला. छत्री दाराबाहेर टेकवायचा, चपला काढून त्या सरळ रेषेत ठेवायचा आणि जेवणाच्या टेबलाशी खुर्चीच्या कडेवर बसायचा. कप्तानाचं काम शरच्चंद्रांकडे आलं. ते आतल्या खोलीत बसून भिंतीपलीकडून हुकूम वाचत आणि मध्येच खोकून रेडिओची खरखर आणत. चौतीस वर्षं कस्टम्समध्ये घालवलेला तो आवाज ऐकला की इद्रिस नकळत उठून उभा राही आणि म्हणे, "येस सर."

दुसऱ्या दिवशी बाई वैतागल्या. एवढं साधं का जमत नाही, असं त्यांनी जरा तोडूनच विचारलं. इद्रिसने टेबलावरच्या मेणकापडाची सुरकुती बोटाने सपाट केली. मग त्याने सांगितलं. त्याच्या पहिल्या जहाजावर, पंचवीस वर्षांचा असताना, एका इंजिनिअरचा हुकूम त्याला कळला नव्हता म्हणून त्याने पुन्हा विचारलं. त्या इंजिनिअरने सगळ्यांना गोळा केलं आणि सगळ्यांसमोर त्याला दहा वेळा तेच वाक्य म्हणायला लावलं. लोक हसले. त्या दिवसापासून त्याने विचारणं सोडलं. बाकीच्यांचे हात बघून काम शिकला, आणि चांगलं शिकला.

बाईंना आपला स्वर आठवून ओशाळल्यासारखं झालं. वही बाजूला सारून त्यांनी त्याला चहा दिला, आणि व्याकरण, शब्द, सगळं सोडून त्या दिवसापासून फक्त एवढंच धरलं. समजलं नाही की थांबायचं आणि विचारायचं. वाक्य कसंही होऊ दे.

गुरुवारी दुपारी शेवटची चाचणी झाली. शरच्चंद्रांनी आतून सहा हुकूम वाचले. इद्रिसने चार वेळा पुन्हा विचारलं. दोन वेळा मात्र 'येस सर' निसटलं, आणि निसटल्याबरोबर त्याचं त्यालाच कळलं.

"दोन चुकले, दिदिमणी," तो म्हणाला.

त्याने विनवणी केली नाही. तो उठला, दारात जाऊन चपला घालू लागला. अंगठा चपलेच्या पट्ट्यात जाईना, म्हणून खाली वाकला, आणि त्या वाकलेल्या पाठीकडे बघत मीनाक्षीबाई म्हणाल्या, "थांबा." दाखल्याचा कागद त्यांच्या पिशवीतच होता. त्यांनी सही केली. सही करताना आपला हात जरासुद्धा अडखळला नाही, हे त्यांना पुढे फार आठवत राहिलं.

*

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला, जुन्या विद्यार्थ्यांच्या फोनवरच्या गटावर एक निरोप आला. आखातातल्या एका बंदराबाहेर उभ्या असलेल्या तेलवाहू जहाजावर पंपरूममध्ये विषारी वायू साचला, आतला एक माणूस बेशुद्ध आहे. जहाज इद्रिसचं. माणसाचं नाव नव्हतं.

पंपरूम म्हटल्यावर बाईंना नावाची गरज उरली नाही. त्या पोळ्या करत होत्या. तव्यावरची पोळी तशीच ठेवून त्यांनी गॅस बंद केला आणि शरच्चंद्रांना फोन दाखवला.

शरच्चंद्रांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग भरती करणाऱ्या एजन्सीत फोन लावला, तिथून तिसरीकडे, तिसरीकडून पुन्हा एजन्सीत. अर्ध्या तासाने एवढंच हाती लागलं, की कंपनीचा नियम आहे, नाव आधी घरच्यांना कळवतात.

"मग मी घरीच जाते त्याच्या," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

"चल, मीही येतो."

टॅक्सी तारातलाच्या दिशेने निघाली. बाई खिडकीतून बाहेर बघत होत्या, पण काही दिसत नव्हतं. इद्रिस त्या अंधाऱ्या लोखंडी विहिरीसारख्या खोलीत उतरतोय, वरून कोणीतरी काहीतरी सांगतंय, आणि तो म्हणतोय 'येस सर', एवढंच डोळ्यांपुढे येत होतं.

"अहो, तो नापास झाला होता," शेवटी त्या म्हणाल्या. "तरी मी सही केली."

"माहीत आहे मला. हुकूम मीच वाचत होतो ना. सहांतले चार."

"मग बोलला का नाहीत?"

तारातलाचा सिग्नल सुटला, ट्रकांची रांग मागे पडली.

"त्याने जावं असं मलाही वाटत होतं," ते म्हणाले.

एवढं बोलून त्यांनी बाईंचा हात आपल्या हातात घेतला. टॅक्सीत बसल्यावर असं काही करायची त्यांची रीत नव्हती.

मेटियाबुरुजच्या त्या भागात घराघरांतून शिलाई चालते. गल्लीच्या दोन्ही बाजूंनी यंत्रांची घरघर येत होती, आणि डोक्यावर तयार कपड्यांची गाठोडी घेतलेली माणसं वाट काढत चालली होती. इद्रिसचं घर दुसऱ्या मजल्यावर होतं. शरच्चंद्रांचे गुडघे जिना चढू देईनात, म्हणून ते खालीच एका दुकानाच्या बाकावर बसले. बाई एकट्या वर गेल्या.

दार उघडंच होतं. इद्रिसची बायको रोशनारा खिडकीशी यंत्रावर बसून लहान मुलींचे फ्रॉक शिवत होती. शेजारी गुडघाभर उंचीचा ढीग लागला होता. बाईंना तिने फोटोत पाहिलं असावं. ती लगबगीने उठली, आणि तिचा चेहरा असा उजळला की मीनाक्षीबाईंना उंबरठ्यावरच कळून चुकलं, हिला अजून काहीच माहीत नाही.

आता काय करायचं? बातमी नाव नसलेली. सांगावी तर आपणच या घरात भीती आणून टाकायची, आणि न सांगावी तर इथे आलोच कशाला? इथे जवळच, गार्डन रीचला काम होतं, सहज आले, असं काहीतरी त्या पुटपुटल्या.

रोशनाराने खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला आणि बोलत राहिली. तिला खूप सांगायचं होतं. त्या तीन दिवसांत संध्याकाळी घरी आल्यावर इद्रिस तिला पडद्यामागे बसवायचा. तू कप्तान हो, तोंडाला येईल ते इंग्रजीसारखं बोल, म्हणायचा. तिला कुठलं इंग्रजी येणार? ती कापडांच्या दुकानांच्या पाट्यांवरची नावं जोरजोरात वाचायची आणि तो पडद्याच्या अलीकडून म्हणायचा, 'से अगेन.' शेजारीण एकदा विचारायला आली होती, तुमच्यात भांडण चाललंय का म्हणून.

ती हसली. बाईही हसल्या, आणि त्यांनी गरम चहाचा घोट घेतला. मनाशी त्यांनी ठरवलं, हा कप संपला की सांगायचं.

कप संपायच्या आत रोशनाराचा फोन वाजला. तो यंत्राच्या फळीवर, दोऱ्याच्या रिळांमध्ये पडला होता. तिने नंबर बघितला आणि म्हणाली, "बाहेरचा नंबर आहे." मीनाक्षीबाईंनी कप खाली ठेवला. कंपनी आधी घरच्यांना कळवते, एवढं एकच वाक्य त्यांच्या कानात वाजत होतं.

रोशनाराने फोन कानाला लावला. ती ऐकत राहिली. तिच्या भुवया जवळ आल्या. मग ती म्हणाली, "पण तुझा आवाज असा का येतोय?"

तुझा. मीनाक्षीबाईंनी डोळे मिटले. पलीकडे इद्रिस होता. इद्रिस बोलत होता.

दिदिमणी घरी आल्या आहेत हे कळल्यावर त्याने फोनचा आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा करायला सांगितला, आणि मग एखाद्या पंपाची दुरुस्ती सांगावी तशा सुरात सगळं सांगितलं.

आदल्या दिवशी एक फिलिपिनो फिटर गळती काढायला पंपरूमच्या तळाशी उतरला होता. इद्रिस वर दाराशी रेडिओ घेऊन पहाऱ्याला उभा होता. दर पाच मिनिटांनी आवाज द्यायचा आणि खालून उत्तर यायचं, असं ठरलेलं होतं. तिसऱ्या वेळी उत्तर आलं नाही. इद्रिसने वाकून बघितलं, तर फिटर पंपाशेजारी कुशीवर पडलेला, डोक्यावरचा दिवा चालू. त्याने रेडिओवर 'मॅन डाऊन' असं कळवलं. मोठा अधिकारी क्रोएशियाचा होता, तो घाईने काहीतरी बोलला. खरखरीतून इद्रिसला शेवटचे दोनच शब्द ऐकू आले, 'गो डाऊन.'

"तेव्हा माझा पाय शिडीच्या पहिल्या पायरीवर होता, दिदिमणी. तोंडात 'येस' आलंसुद्धा होतं."

खाली पडलेला माणूस त्याचा रोजचा सोबती. जेवताना शेजारी बसणारा. पाय आपोआप उतरायला बघत होते, आणि वरून हुकूमही तोच आला होता असं वाटलं. पण त्याला सगळं ऐकू आलेलं नव्हतं. त्याने 'से अगेन' म्हटलं. पुन्हा नुसती खरखर. मग तो ओरडला. काय ओरडला ते त्याने जरा लाजत सांगितलं.

"सर, आय गो, ऑर आय नॉट गो?"

रेडिओ दोन क्षण गप्प राहिला. मग त्या अधिकाऱ्याने एकेक शब्द सुटा करून, इद्रिसच्याच इंग्रजीत उत्तर दिलं. नॉट गो. स्टे. यू नॉट गो. पहिल्या वेळीही त्याने खाली जाऊ नकोस असंच सांगितलं होतं. 'नको' तेवढं खरखरीत गेलं होतं.

हवेच्या टाक्या पाठीला बांधून माणसं आली, तोवर सात मिनिटं गेली. इद्रिस म्हणाला, की एकवीस वर्षांतलं सगळ्यात अवघड काम ते होतं, दारात उभं राहून नुसतं बघत राहायचं. फिटरला त्यांनी वर काढलं. आता तो किनाऱ्यावरच्या इस्पितळात आहे, शुद्धीवर आहे, सकाळी त्याने भात मागितला. टाकीशिवाय जो कोणी उतरला असता तो त्याच्या शेजारी पडला असता, असं नंतर सगळे म्हणाले.

बोलणं संपत आलं तेव्हा इद्रिसने विचारलं, "वाक्य चुकलं ना, दिदिमणी? 'डू' की काय ते राहिलं."

मीनाक्षीबाईंनी बावीस वर्षं मुलींच्या वह्यांत लाल रेघा मारल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर बोललात."

फोन बंद झाला. गल्लीतली यंत्रं चालूच होती. रोशनारा जागेवरच उभी होती. नवऱ्याशी बोलताना ती रडली नव्हती, एकदाही तिचा आवाज चढला नव्हता. फोन फळीवर ठेवून ती बाईंकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो," मीनाक्षीबाई म्हणाल्या. आणि आता थांबण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांनी सगळंच सांगून टाकलं. सकाळचा निरोप, नाव नसलेला. सहांतली चार उत्तरं. आणि नापास माणसाच्या दाखल्यावर केलेली सही. त्याला काही झालं असतं तर त्या सहीचं काय करायचं, हे टॅक्सीत बसल्यापासून त्यांना सुचत नव्हतं, हेही सांगितलं.

रोशनाराने सगळं शांतपणे ऐकलं. सहीबद्दल ती काहीच बोलली नाही. दोन चुकले होते हे बहुधा तिला आधीपासून ठाऊक असावं.

"पुढच्या वेळी दारातच सांगा, दिदिमणी," ती म्हणाली. "मी खलाशाची बायको आहे. मला चहा करायला लावू नका."

मीनाक्षीबाईंनी मान हलवली. खाली बाकावर शरच्चंद्र वाट बघत असतील, त्यांना सांगायला हवं, म्हणून त्यांनी खिडकीतून डोकावून हात हलवला. वर बघत बसलेल्या शरच्चंद्रांनी बाईंचा चेहरा पाहिला आणि टोपी काढून कपाळ पुसलं. मग शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला ते काहीतरी सांगू लागले.

रोशनारा यंत्रावर बसली. ढीग संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. तिने अर्धा शिवलेला फ्रॉक सुईखाली सरकवला, तर दोरा निसटलेला होता. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करून ती सुईच्या नेढ्याकडे नेऊ लागली. टोक एकदा डावीकडून गेलं, एकदा उजवीकडून. तिने हात झटकला, बोटं आवळून सोडली आणि पुन्हा प्रयत्न केला. टोक याही वेळी बाजूनेच गेलं.

तिने वर न बघता दोऱ्याचं टोक मीनाक्षीबाईंच्या दिशेने धरलं.

बाईंनी पर्समधून जवळचा चष्मा काढला, खुर्ची यंत्राशी ओढली आणि खाली वाकल्या. तिसऱ्या खेपेला दोरा सुईतून पलीकडे गेला. रोशनाराने तो वीतभर ओढून घेतला, पाय पट्टीवर ठेवला, आणि यंत्र सुरू झालं.